नीरज चोप्रा आणि भालाफेक: नागपूरच्या मैदानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

७ ऑगस्ट जवळ आला की मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात भाल्याची चौकशी करणारे वाढतात. टोकियोच्या सुवर्णपदकानंतर भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने हा दिवस भालाफेक दिन म्हणून जाहीर केला. शाळांमध्ये त्या दिवशी भाषणं होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक मैदानावर हजर. प्रश्न बहुतेक तेच असतात. अर्धे नीरज चोप्राबद्दल, अर्धे आपल्या पोराबद्दल. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माहिती २०२५ च्या हंगामापर्यंतची आहे.

नीरज मूळचा मराठा आहे, हे खरं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून आधी हाच घेतो. नीरजचा जन्म २४ डिसेंबर १९९७ चा, हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावातला. त्याचा समाज रोड. पानिपतच्या १७६१ च्या लढाईनंतर तिकडेच राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत, असं या समाजातले अनेक लोक मानतात. इतिहास अभ्यासकांत मात्र त्यावर एकमत नाही. टोकियोनंतर आपल्याकडे व्हॉट्सॲपवर जे फिरलं, त्यात भावना जास्त आणि पुरावा कमी होता. पानिपतचं नाव ऐकलं की आपल्याला काय होतं ते समजू शकतं. पण त्याला घडवलं ते हरियाणाच्या मैदानांनी, पतियाळाच्या शिबिरांनी आणि लष्कराने. ते श्रेय त्यांचं त्यांना राहू द्यावं.

लहानपणी तो जाड होता म्हणतात. मग भाल्याकडे कसा वळला?

होता, चांगलाच गुबगुबीत होता. एकत्र कुटुंबातलं लाडावलेलं पोर. वजन उतरावं म्हणून घरच्यांनी त्याला व्यायामाला पानिपतला पाठवायला सुरुवात केली. तिथल्या शिवाजी स्टेडियममध्ये जयवीर नावाचा थोडा मोठा भालाफेकपटू सराव करायचा. त्याने नीरजच्या हातात भाला दिला. पहिल्याच दिवसांत फेक बरी गेली आणि पोरगा तिथेच रमला.

जाड मुलांचे पालक हे ऐकून खूश होतात. ठीक आहे, व्हा. पण पुढचा भागही ऐका. शिवाजी स्टेडियमवर सिंथेटिक ट्रॅक नव्हता, म्हणून किशोरवयातच तो घर सोडून पंचकुलाच्या ताऊ देवीलाल संकुलात राहायला गेला. मुलगा जाड असणं ही अडचण नव्हतीच. त्याला एवढ्या लहान वयात घराबाहेर ठेवायला त्याचं कुटुंब तयार झालं, ही मोठी गोष्ट.

त्याची कारकीर्द थोडक्यात सांगता येईल का?

थोडक्यात सांगणं अवघड आहे, तरी ठळक टप्पे असे.

२०१६ मध्ये पोलंडमधल्या बिडगॉश्चला २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याने ८६.४८ मीटर फेकून कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिक होतं, पण पात्रतेची मुदत आधीच संपली होती, त्यामुळे ही फेक असूनही तो घरीच राहिला. लष्कराने मात्र त्याला थेट नायब सुभेदार म्हणून घेतलं, राजपुताना रायफल्समध्ये. २०१७ ला भुवनेश्वरला आशियाई विजेता. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८६.४७ आणि जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ८८.०६, दोन्हीकडे सुवर्ण. जकार्तात उद्घाटनाला तिरंगाही त्याच्याच हातात होता.

२०१९ कोपराच्या शस्त्रक्रियेत गेलं. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत दुसऱ्या प्रयत्नात ८७.५८ मीटर आणि भारताचं ॲथलेटिक्समधलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. वैयक्तिक सुवर्ण म्हणाल तर २००८ च्या अभिनव बिंद्रानंतरचं दुसरंच. २०२२ ला युजीनच्या जागतिक स्पर्धेत रौप्य आणि झुरिचला डायमंड लीगचा, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या बड्या ॲथलेटिक्स स्पर्धांच्या मालिकेचा, करंडक. २०२३ ला बुडापेस्टमध्ये ८८.१७ मीटरसह जगज्जेता, आणि त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण पुन्हा त्याच्याच गळ्यात. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ८९.४५ मीटर आणि रौप्य. १६ मे २०२५ ला दोह्यात ९०.२३. सप्टेंबर २०२५ ला पुन्हा टोकियो, जागतिक स्पर्धा, आणि आठवं स्थान.

आता यातले दोन आकडे शेजारी ठेवा. ८७.५८ ला सुवर्ण मिळालं, ८९.४५ ला रौप्य. जवळजवळ दोन मीटर लांब फेकूनही पदकाचा रंग उतरला. भाल्याची कारकीर्द नुसत्या मीटरवर मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची निम्मी उत्तरं इथूनच येतात.

९० मीटरला इतका उशीर का लागला?

हा प्रश्न चहाच्या टपरीवर तावातावाने विचारला जातो. २०२२ ला स्टॉकहोममध्ये ८९.९४ झालं, म्हणजे सहा सेंटिमीटर कमी, आणि तेव्हापासून देशाने त्या सहा सेंटिमीटरचा धोशा लावला. शेवटी २०२५ ला दोह्यात ९०.२३ झालं. पण त्या दिवशी जर्मनीच्या ज्युलियन वेबरने शेवटच्या फेरीत ९१.०६ फेकला आणि ज्या ९० साठी आपण तीन वर्षं हळहळत होतो, ते होऊनही नीरज दुसरा आला.

मुळात ९० हा आकडा आपल्या समाधानासाठी आहे. पदक त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या अकरा जणांपेक्षा लांब फेकल्यावर मिळतं. टोकियो २०२१ ला जर्मनीचा योहानेस वेटर आला तेव्हा त्याच्या नावावर ९७.७६ होते, त्यापूर्वीच्याच वर्षीचे. सगळे त्याला विजेता धरून बसले होते. अंतिम फेरीत त्याचा पाय ट्रॅकवर घसरत राहिला, ८२.५२ च्या पुढे गेला नाही आणि पहिल्या आठातही बसला नाही.

नीरजचं मोठेपण शोधायचं तर इथे शोधा. जून २०२१ मध्ये फिनलंडच्या क्वोर्तानेला तो तिसरा आला होता. त्यानंतर सप्टेंबर २०२५ पर्यंत जिथे उतरला तिथे पहिला किंवा दुसरा. चार वर्षांहून जास्त काळ, वेगवेगळे देश, वेगवेगळी हवा, दुखरा जांघेचा स्नायू, आणि एकदाही तिसरा नाही. २०२४ ची ब्रसेल्सची डायमंड लीग अंतिम फेरी तर डाव्या हाताचं हाड मोडलेलं असताना खेळला. ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स ८७.८७, नीरज ८७.८६. एका सेंटिमीटरने दुसरा. भालाफेकीत असं सातत्य फार कमी लोकांना जमलं आहे. त्याच्याहून लांब फेकणारे त्याच्याच काळात अर्धा डझन आहेत.

थोडं गणितही सांगतो. भाल्याचं अंतर ढोबळमानाने सुटतानाच्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढतं. म्हणजे ८८ चे ९० करायला वेग जेमतेम एक टक्का वाढवावा लागतो. ताशी १०० किलोमीटरच्या वर सुटणाऱ्या भाल्याला तो एक टक्का कुठून द्यायचा, यावर जगातले सगळे प्रशिक्षक डोकं खाजवतात. वाऱ्याचाही हात असतो. लांब उडीत वारा मर्यादेपेक्षा जास्त असला तर विक्रम धरत नाहीत, फेकीत तसा नियमच नाही.

मग जागतिक विक्रम कितीचा? १०० मीटर कुणी फेकलाय का?

आजचा विक्रम ९८.४८ मीटर, चेक देशाच्या यान झेलेझ्नीचा, २५ मे १९९६ चा, जर्मनीतल्या येना शहरातला. १०० च्या पुढे एकच माणूस गेला, पूर्व जर्मनीचा उवे होन. २० जुलै १९८४ ला बर्लिनमध्ये १०४.८० मीटर. भाला मैदानाच्या हद्दीबाहेर जायची वेळ आली. शिवाय त्या काळचे भाले तरंगत जाऊन सपाट पडायचे, टोक आधी टेकलं की नाही यावर रोज भांडणं. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. त्यामुळे टोक लवकर खाली येतं आणि भाला रुततो. विक्रम नव्याने मोजायला सुरुवात झाली. महिलांचा भाला १९९९ ला बदलला.

गंमत म्हणजे हे दोघेही नीरजचे प्रशिक्षक राहिले. होन २०१८ च्या सुमारास, झेलेझ्नी २०२४ च्या शेवटापासून २०२५ च्या हंगामापर्यंत.

इतके प्रशिक्षक का बदलले? एकाच गुरूकडे राहिला असता तर?

कनिष्ठ विक्रमाच्या वेळी ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट, मग होन, मग क्लाउस बार्टोनिट्झ, मग झेलेझ्नी. आपल्याकडे गुरू बदलणं म्हणजे कृतघ्नपणा समजतात, त्यामुळे हा प्रश्न नेहमी जरा तिखट स्वरात येतो. पण २०१८ चं शरीर आणि २०२५ चं शरीर एक नसतं. बार्टोनिट्झ शरीरयांत्रिकीचे, म्हणजे शरीराच्या हालचालींमागच्या शास्त्राचे, जाणकार. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर सांध्यांना जपून फेक बांधायची होती, तेव्हा तोच माणूस हवा होता, आणि टोकियो, बुडापेस्ट, पॅरिस ही तिन्ही पदकं त्यांच्याच काळातली. झेलेझ्नी आले ते पुढचे दोन-तीन मीटर शोधायला. फेकताना नीरज डावीकडे कलतो आणि तिथे जोर वाया जातो, अशी चर्चा बरीच वर्षं आहे. ही सवय मोडायची तर नवीन डोळा लागतो.

टोकियोत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने त्याचा भाला पळवला होता ना?

नाही. हे आता तरी सोडा.

मोठ्या स्पर्धेत खेळाडूंचे स्वतःचे भालेही तपासून एकाच स्टँडवर ठेवतात आणि कुणीही कुणाचाही वापरू शकतो, तसा नियमच आहे. नीरजचा भाला अर्शदने तयारीसाठी उचलला होता, नीरजने मागितला, त्याने दिला. नीरजने स्वतः व्हिडिओ करून लोकांना सांगितलं की माझं नाव वापरून घाण पसरवू नका. पॅरिसमध्ये अर्शदने ९२.९७ चा ऑलिम्पिक विक्रम केला, तेव्हा नीरजची आई म्हणाली की तोही आमचाच मुलगा आहे. त्या माऊलीला जे कळलं ते आपल्या ग्रुपवरच्या काकांना अजून कळायचं आहे.

पॅरिसमध्ये पाच फाऊल कसे झाले? एवढ्या मोठ्या खेळाडूला रेषा दिसत नाही का?

दिसते. सहा प्रयत्नांत एकच वैध फेक, ८९.४५, आणि ती अर्शदच्या ९२.९७ नंतर लगेच आलेली. बाकी पाच फाऊल. त्यात समजून घ्यायचं हे की भाला हातातून सुटल्याबरोबर खेळाडूला कळतं फेक कशी गेली. ८४-८५ ची वाटली तर तो सरळ रेषा ओलांडून पुढे जातो, म्हणजे मोजमापच नको. त्याच्या हिशेबी त्या फेकीला किंमत नसते.

पण सगळे फाऊल मुद्दाम नव्हते. जांघेच्या दुखण्यामुळे रनअपच्या शेवटी शरीर थांबवणं जड जात होतं. तीन मीटर मागे आहोत म्हटल्यावर माणूस पूर्ण वेग लावतो, आणि तो वेग रेषेच्या अलीकडे जिरवणारा डावा पाय ठणठणीत नसेल तर पाय बाहेर जातोच.

तो डावा पाय काय प्रकार आहे? आमचा मुलगा म्हणतो सगळी ताकद खांद्याची.

मुलाला मैदानावर घेऊन या आणि एखादी चांगली फेक बाजूने, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दाखवा.

रनअपचा पहिला भाग साधा, भाला खांद्यावर, तोंड समोर. मग भाला मागे जातो, हात जवळजवळ सरळ होतो, शरीर आडवं वळतं आणि क्रॉसओव्हरची, म्हणजे एका पायापुढून दुसरा आडवा टाकायची, पावलं सुरू होतात. या पावलांत पाय पुढे पळतात आणि खांदे मागे राहतात. मग शेवटचा उजवा, आणि लगेच डावा. डाव्या पायाची टाच जमिनीत खाडकन बसते आणि गुडघा वाकत नाही. इथे गाडीला करकचून ब्रेक लागल्यासारखं होतं. कमरेखालचं सगळं थांबतं आणि वरचं सगळं पुढे फेकलं जातं. कंबर वळते, छाती उघडते, मग खांदा, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी मनगट. हात आला तो शेवटी आला. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतं, म्हणून टीव्हीवर नुसता हातच दिसतो.

आमच्याकडे येणाऱ्या पोरांचा गुडघा इथेच वाकतो. डावा गुडघा मऊ पडला की पळून कमावलेला वेग जमिनीत मुरतो. मग पोट्टं चिडून खांद्याने ओढतं, भाला दहा मीटर अलीकडे पडतो आणि दुसऱ्या दिवशी कोपर धरून बसतं. नीरजच्याही कोपराची शस्त्रक्रिया झाली आहे. कोपराच्या आतल्या बाजूवर या खेळात भयंकर ताण येतो, तंत्र चांगलं असलं तरी.

मुलगा क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून थेट स्टंपवर थ्रो मारतो. भाला जमेल?

अर्धा जमेल. नागपुरात हा प्रश्न हमखास येतो, कारण खापरखेड्याच्या उमेश यादवने भारतासाठी वेगवान गोलंदाजी केल्यापासून प्रत्येक मोहल्ल्यात एक वेगवान हात सापडतो. अर्शद नदीमही आधी क्रिकेट खेळायचा. खांद्याचा झपाटा कामाला येतोच.

नडतं ते सवयीमुळे. क्रिकेटचा थ्रो बऱ्याचदा बाजूने, आडव्या हाताने जातो. भाल्यात हात खांद्याच्या वरून गेला पाहिजे, नियमही तसाच आहे. आडव्या हाताने फेकलेला भाला हवेत थरथरतो आणि पंख्यासारखा वाकडा जातो. ओढ भाल्याच्या लांबीच्या रेषेतच हवी. ही सवय मोडायला एक पावसाळा लागतो. दोन्ही खेळ एकाच दिवशी करू देऊ नका, कोपर दोघांचं ओझं वाहत नाही.

यूट्यूब पाहून शिकता येईल का?

केनियाचा ज्युलियस येगो असाच शिकला. २०१५ ला बीजिंगमध्ये ९२.७२ मीटर फेकून जगज्जेता झाला, रिओत रौप्यही मिळवलं. मात्र असा येगो एकच निघाला. व्हिडिओ बघा, जरूर बघा, पण चुकीचा गुडघा तुम्हाला व्हिडिओ सांगणार नाही.

नागपुरात राहून हे होईल, की हरियाणा गाठावंच लागेल?

सुरुवातीची चार-पाच वर्षं इथे नक्की होतील. आपल्याकडे मानकापूरचा सिंथेटिक ट्रॅक आहे, शारीरिक शिक्षणाची जुनी परंपरा आहे आणि दीड-दोनशे किलोमीटरवर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. जानेवारीच्या आसपास खासदार क्रीडा महोत्सवात शहरातली पोरं मैदानात उतरतात.

अडचण जागेची आहे. दिव्या देशमुखने २०२५ ला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून नागपूरचं नाव केलं, तिला सराव करायला एक टेबल पुरतं. भाल्याला तीस मीटरची धावपट्टी आणि पुढे शंभर मीटर रिकामी जागा लागते, अन् ती खरंच रिकामी हवी. रेशीमबागेसारख्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, तिथे भाला काढणं म्हणजे गुन्हा आहे. सकाळचे आजोबा कुठून कुठे वळतील सांगता येत नाही.

हवामानाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला सोन्याचा काळ. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की सूर्य वर यायच्या आत फेक संपवा, नंतर नुसतं सावलीतलं वजन आणि लवचिकतेचं काम. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला चिकटते, क्रॉसओव्हरमध्ये पाय सटकतो आणि जांघ जाते. त्या चार महिन्यांत मातीच्या मैदानावर रनअप नकोच, उभ्याने फेका.

विशीच्या पुढे, राष्ट्रीय शिबिरात निवड झाली की मात्र बाहेर जावं लागतंच. नीरज स्वतः पंचकुला, पतियाळा, मग फिनलंड, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका असा फिरत राहिला.

कोणत्या वयात, किती वजनाचा भाला?

पुरुषांचा ८०० ग्रॅम, महिलांचा ६०० ग्रॅम. १८ वर्षांखालील मुलांना ७००, मुलींना ५००. त्याहून लहान मुलांच्या हातात खरा भाला द्यायची घाई नको. टेनिसचा चेंडू, मग लहान मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू), मग बांबूचा हलका भाला. बारा वर्षांच्या पोराच्या हातात ८०० ग्रॅमचा भाला देऊन फोटो काढणारे बाप आम्ही पाहिले आहेत. फोटो छान येतो, खांदा जातो.

स्पर्धांची वाट दोन बाजूंनी आहे. एक शालेय, म्हणजे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. दुसरी जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेची, जिच्यातून राष्ट्रीय आंतरजिल्हा कनिष्ठ स्पर्धेपर्यंत पोचता येतं. जन्मतारखेची कागदपत्रं आधीपासून नीट ठेवा, धावपळ तिथेच होते.

भाला केवढ्याला पडतो?

सरावाचा देशी भाला काही हजारांत. परदेशी नामांकित बनावटीचा, नॉर्डिक किंवा नेमेथसारखा, लाखाच्या आसपास जाऊ शकतो. नेमेथ म्हणजे १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता मिक्लोश नेमेथ. नवशिक्याला महाग भाला घेऊच नका. ज्यांच्या फेकीचा वेग जास्त असतो त्यांचे भाले जास्त कडक असतात, आणि कच्च्या हाताला कडक भाला माफ करत नाही. नीरजचा टोकियोचा भाला लिलावात दीड कोटीला गेला होता, ती किंमत पदकाची.

मुलींसाठी कुणाचं उदाहरण द्यावं?

अन्नू राणीचं. मेरठजवळच्या बहादूरपूर गावची. सुरुवातीला उसाचे दांडे फेकायची. हांगझोऊला ६२.९२ मीटर फेकून आशियाई सुवर्ण. भारतीय महिलांचा ६३.८२ मीटरचा राष्ट्रीय विक्रमही तिचाच, २०२२ चा. मुलींच्या गटात जिल्हा पातळीवर अजूनही गर्दी कमी असते, त्यामुळे दोन वर्षं टिकून राहिलेली मुलगी राज्यापर्यंत सहज दिसते. पालकांनी एवढंच करावं, दहावीच्या वर्षी मैदान पूर्ण बंद करू नये.

आणि दिव्यांग खेळाडू?

भारताची भाल्यातली परंपरा खरं तर तिथूनच सुरू होते. देवेंद्र झाझरियाने २००४ ला अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हा नीरज शाळकरी पोर होता. २०१६ ला रिओत पुन्हा सुवर्ण. सुमित अंतिलने टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे सुवर्ण मिळवलं, पॅरिसला ७०.५९ मीटर. आपल्या आटपाडीकडच्या सचिन खिलारीने पॅरिसला गोळाफेकीत रौप्य आणलं. एखाद्या मुलाचा एक हात किंवा पाय अधू असेल तर त्याला मैदानाबाहेर बसवून ठेवू नका.

यातून नोकरी मिळते का? अभ्यासाचं काय?

स्पष्टच सांगतो, पदक न मिळताही काही हाती लागावं असं वाटत असेल तर आधी हे समजून घ्या. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, अर्थात ठरलेल्या पातळीच्या स्पर्धेत कामगिरी असेल तर. प्रमाणपत्रांची पडताळणी कडक असते, त्यामुळे गल्लीतल्या स्पर्धेचे रंगीत कागद जमवून उपयोग नाही. लष्कर, रेल्वे, पोलीस हे जुने आधार. बीडचा अविनाश साबळे लष्करातला, महार रेजिमेंटचा. कोल्हापूरकडचा नेमबाज स्वप्नील कुसाळे पॅरिसला कांस्य मिळालं तेव्हा मध्य रेल्वेत होता. बहुतेकांची गाडी मात्र राज्य पातळीवर थांबते, म्हणून पदवी हातची सोडू नका.

खायला काय द्यायचं? मांसाहार लागतोच का?

नीरज बरीच वर्षं शाकाहारी होता, पुढे मांसाहार सुरू केला. शाकाहारात प्रथिनांचा हिशेब ठेवावा लागतो, एवढंच. डाळ, दूध, दही, पनीर, सोयाबीन, जमत असेल तर अंडी. सरावाआधी तर्री पोहे आणि आदल्या रात्री सावजी नको. सावजीवर आमचंही प्रेम आहे, पण सकाळी सहाला क्रॉसओव्हर करताना ते आठवत राहतं.

पावडरी आणि इंजेक्शनं देणाऱ्या जिम ट्रेनरपासून मात्र लांब राहा. भारतीय भालाफेकीतही उत्तेजकांमुळे बंदी आलेले खेळाडू आहेत. डब्यावर काय लिहिलंय ते न वाचता घेतलं, ही सबब कुठेही चालत नाही.

२०२५ च्या टोकियोत आठवा आला. संपला का आता?

पाठीचं दुखणं घेऊन उतरला होता, ८४.०३ वर थांबला. त्याच स्पर्धेत भारताचाच सचिन यादव ८६.२७ फेकून चौथा आला, पदकापासून हातभर लांब. याची बातमी आपल्याकडे चार ओळींत आटोपली, ते काही बरोबर झालं नाही. विजेता ठरला त्रिनिदादचा केशॉर्न वॉलकॉट, ८८.१६ मीटर. हा तोच वॉलकॉट, ज्याने २०१२ ला लंडनमध्ये १९ व्या वर्षी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं होतं. मधल्या तेरा वर्षांत लोकांनी त्यालाही अनेकदा संपवलं होतं.

नुसतं बघायला यायचं असेल तर?

या, अगदी सकाळी या. फेकणाऱ्याच्या मागे किंवा धावपट्टीच्या बाजूला, दोरीच्या बाहेर उभे राहा. समोरच्या त्रिकोणात कुणीही जायचं नाही, चेंडू गेला तरी नाही. सगळ्यांची फेक झाली आणि शिट्टी वाजली की मगच भाले आणायला जायचं. मुलांना इथे एक गोष्ट बजावून सांगा. रुतलेल्या भाल्याची शेपटी आपल्याकडे कललेली असते आणि ती बरोबर डोळ्याच्या उंचीवर येते. भाला फेकताना होतात त्यापेक्षा जास्त जखमा भाला आणायला धावत गेलेल्यांना होऊ शकतात. चालत जा, बाजूने जा, शेपटी हातात धरा, भाला आधी उभा करा आणि मग उपटा. परत येताना टोक खाली ठेवा.